काळं फुलपाखरू येण्याआधी

मी डोंबिवलीच्या एका मराठी शाळेत आठवीला शिकवते. त्यामुळे माझा दिवस तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींत जातो आणि संध्याकाळ घरातल्या त्याच वयाच्या एका मुलीबरोबर. 'मिरॅक्युलस: टेल्स ऑफ लेडीबग अँड कॅट न्वार' ही फ्रेंच अ‍ॅनिमेशन मालिका आमच्या घरात डिस्ने चॅनेलवरच्या हिंदी डबिंगमधून आली. लेक तेव्हा प्राथमिक शाळेत होती. मी आधी स्वयंपाकघरातून नुसती ऐकायचे. पुढे भाजी निवडायला हॉलमध्ये बसायला लागले, आणि मग भाजी नसली तरी बसायला लागले.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पॅरिसमध्ये मॅरिनेट दुपँ-चेंग नावाची शाळकरी मुलगी राहते. वडील टॉम बेकरीवाले, आई सबीन मूळची चिनी, आणि घर बेकरीच्या वरच. मॅरिनेट धांदरट आहे, शाळेला उशिरा पोचते, हातातली वस्तू पाडते. तिला जादूची कर्णफुलं मिळतात आणि त्यांच्याबरोबर टिकी नावाचा चिमुकला सोबती. ती होते लेडीबग. तिच्याच वर्गातला अ‍ॅड्रियन अंगठीच्या जोरावर कॅट न्वार होतो. दोघं मिळून शहर वाचवतात, पण मुखवट्यामागे कोण आहे हे एकमेकांना ठाऊक नाही. तिचं प्रेम अ‍ॅड्रियनवर, कॅट न्वारचं लेडीबगवर, म्हणजे चारही बाजूंनी घोळ.

मालिकेचा जनक तोमा आस्त्रुक, आणि ती उभी करण्यात निर्माता जेरेमी झागचा मोठा वाटा. २०१२ मध्ये जपानी अ‍ॅनिमेच्या ढंगाची तिची एक झलक आली होती. ती बाजूला पडली आणि थ्रीडी मालिका सप्टेंबर २०१५ मध्ये आधी दक्षिण कोरियात, मग ऑक्टोबरमध्ये फ्रान्सच्या टीएफ१ वाहिनीवर लागली. फ्रान्समध्ये लाल-काळ्या ठिपक्यांचा तो किडा शुभ मानतात, आणि काळ्या मांजराबद्दल त्यांची समजूत आपल्यासारखीच. जोडी त्यातूनच जुळली. ती घडवणारी, तो मोडणारा.

यातल्या मारामारीत मला रस नाही. पण माझ्या वर्गाकडे बघताना ही मालिका फार उपयोगी पडली आहे. कशी, ते सांगते.

१. खलनायक कुठून आला ते आधी पाहावं

प्रत्येक भागाच्या सुरुवातीला कोणाचा तरी पाणउतारा होतो. 'स्टॉर्मी वेदर'मध्ये ऑरोर नावाची मुलगी टीव्हीवर हवामान सांगण्याच्या स्पर्धेत हरते. 'मिस्टर पिजन'मध्ये बागेत कबुतरांना दाणे टाकणाऱ्या रामिये नावाच्या गृहस्थांना पोलीस हाकलतो. 'रिफ्लेक्टा'मधल्या जुलेकाला वाटतं की वर्गाच्या फोटोत आपण कधी येतच नाही, आपल्याला शापच आहे. नेमकं फोटोच्याच दिवशी क्लोई तिला स्वच्छतागृहात अडकवून ठेवायची व्यवस्था करते. क्लोई ही पॅरिसच्या महापौरांची लाडावलेली मुलगी.

तिकडे अंधाऱ्या खोलीत बसलेल्या हॉक मॉथला ही दुखावलेली मनं बरोबर जाणवतात. तो पांढरं फुलपाखरू ओंजळीत घेऊन काळं करतो आणि सोडतो. तेच अकुमा. ते त्या माणसाच्या हातातल्या किंवा जिवाभावाच्या वस्तूत शिरतं, आणि दोन मिनिटांपूर्वी रडवेला असलेला माणूस शहर उलथंपालथं करायला निघतो. यातून कोणी सुटत नाही. 'गिगँटायटन'मध्ये लॉलीपॉपसाठी हट्ट करणारं तान्हं बाळसुद्धा इमारतीएवढं होतं. आस्त्रुकने स्वतःलाही सोडलेलं नाही. 'अ‍ॅनिमेस्ट्रो' या भागात तो स्वतःच्याच चित्रपटाच्या खेळाला जातो, त्याला कोणी ओळखत नाही, आणि तोही खलनायक होतो. मला हा भाग फार आवडतो. लेखक-कलावंतांच्या सभा-संमेलनांना गेलेल्या कोणालाही आवडेल.

रामिये तर इतक्या वेळा बिघडले की चौथ्या सीझनमधल्या एका भागाचं नावच 'मिस्टर पिजन ७२' आहे. २०२५च्या ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला आणि त्यावरून रस्त्यात वादावादी झाली, तेव्हा माझ्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, "बाई, अकुमा सुटले." वर्ग हसला. मला बरं वाटलं, कारण त्याने दोन्ही बाजूंच्या रागाकडे एकाच नजरेने पाहिलं होतं.

शाळेत याचा उपयोग साधा आहे. बाकावर कर्कटकाने शिवी कोरलेली सापडली की आपण "कोणी कोरली?" एवढंच विचारतो. नाव कळतं, शिक्षा होते, फाइल बंद. मी आणखी एक प्रश्न विचारते: मधल्या सुट्टीत काय झालं होतं? आणि तिथे उत्तर मिळालं नाही तर, सकाळी घरून निघताना काय झालं होतं? बहुतेक वेळा कोरलेल्या शिवीचा आणि त्या बाकाचा काही संबंध नसतो.

२. मुलाच्या वहीचं शेवटचं पान वर्गाला दाखवू नये

'इव्हिलस्ट्रेटर' हा भाग प्रत्येक डी.एड., बी.एड.च्या वर्गात दाखवावा असं माझं मत आहे. नॅथॅनिएल हा लाजाळू, चित्रं काढणारा मुलगा. विज्ञानाच्या तासाला तो आपली चित्रकथा रंगवत बसलेला असतो. त्यात तो स्वतः नायक आणि मॅरिनेट त्याची नायिका. बाईंच्या ते लक्षात येतं, ओरडा बसतो, चित्रं क्लोईच्या हाती लागतात आणि मुलाचं गुपित वर्गभर होतं. पुढचं सांगायला नको. त्याच्या हातात पेन्सिल आहे, आणि आता तो जे काढेल ते खरं होणार आहे.

मालिकेतला अगदी पहिला खलनायकही वर्गातच तयार होतो. दांडगा दिसणारा इव्हान एका मुलाच्या चिडवणाऱ्या चिठ्ठीने भडकतो. वर्गशिक्षिका, आणि त्या मालिकेतल्या सर्वांत प्रेमळ शिक्षिका आहेत बरं का, त्याला मुख्याध्यापकांकडे पाठवतात. चिडवणारा वर्गात बसून राहतो. इव्हानच्या मुठीत ती चुरगळलेली चिठ्ठी असते, आणि फुलपाखरू तिच्यातच शिरतं. त्या बाईंनी काही वाईट केलेलं नाही. आरडाओरडा करणाऱ्याला बाहेर काढलं, आपण सगळे तेच करतो. मालिका त्यांना बोल लावत नाही, पण मुलाच्या बाजूने ते कसं दिसतं हे दाखवून ठेवते.

आमच्या स्टाफरूममध्ये जप्त केलेल्या चिठ्ठ्या चहाबरोबर वाचल्या जातात. कोणाचं कोणावर काय, यावर हसणं होतं. मी त्यात बसत नाही. तासाला कोणी चित्र काढत असेल तर मी वही मिटते, बाकावर पालथी ठेवते आणि पुढे जाते. काय बोलायचं ते तास संपल्यावर, दोघंच असताना. एकदा एका मुलाने मला जिराफ करून काढलं होतं. मान हुबेहूब होती, ठिपके नीट छटा देऊन भरले होते. त्याला मी एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला बसवलं. जिराफाबद्दल आम्ही दोघांनी कधी ब्र काढला नाही.

३. दुखावलेल्या मुलाजवळ आधी कोण पोचतं, यावर सगळं आहे

या मालिकेतलं सर्वांत शहाणं निरीक्षण हेच, आणि ते पोरखेळाच्या वेष्टणात असल्यामुळे मोठ्यांच्या नजरेतून सुटतं.

हॉक मॉथ काय करतो ते नीट ऐका. तो दुखावलेल्या माणसाशी मनातल्या मनात बोलतो. त्याला एक नवं, दमदार नाव देतो. तुझ्यावर अन्याय झाला आहे, असं म्हणतो, आणि गंमत अशी की ते खरंच असतं. ऑरोरला खरंच वाईट वाटलं आहे, नॅथॅनिएलची खरंच फजिती झाली आहे. मग तो ताकद देऊ करतो. किंमत सगळ्यात शेवटी सांगतो: मला लेडीबगची कर्णफुलं आणि कॅट न्वारची अंगठी आणून दे. त्या क्षणी माणूस हो म्हणतो, कारण त्याच्याजवळ दुसरं कोणी पोचलेलंच नसतं. आई, मैत्रीण, शिक्षिका सगळ्या येतात, पण नंतर. हॉक मॉथ दरवेळी पहिला असतो.

आठवीतल्या मुलाचा हॉक मॉथ कोण असतो? कधी स्टेशनजवळच्या टपरीवर उभा असणारा, बाइकवाला मोठा 'दादा'. कधी मोबाइल गेमच्या ग्रुपमधला, चेहरा न पाहिलेला कोणीतरी. मुलींच्या बाबतीत इन्स्टाग्रामवर येणारा, फार समजूतदारपणे बोलणारा अनोळखी माणूस. या सगळ्यांची बोलण्याची रीत तीच: नाव देतात, "तुझं बरोबर आहे" म्हणतात, काहीतरी देतात, आणि मागणी मागाहून येते. माझ्या वर्गातल्या एका मुलाला फुटबॉलच्या संघातून काढलं होतं. त्याच संध्याकाळी टपरीवरच्या मुलांनी त्याला बाइकवर फिरवलं आणि एक टोपणनाव दिलं. आता शाळेची रीत बघा: खेळाचे सर वर्गशिक्षिकेला सांगणार, वर्गशिक्षिका डायरीत चिठ्ठी लिहिणार, पालक शनिवारी जमलं तर येणार. टपरी संध्याकाळीच पोचली होती. आम्ही पोचलो त्याच्या पुढच्या शनिवारी.

म्हणून मी एक नियम पाळते. वर्गात कोणाचं काही बिनसलेलं दिसलं तर शाळा सुटायच्या आत त्या मुलाशी एक वाक्य बोलायचं. उपदेश नाही, तोडगा नाही. "आज तुला वाईट वाटलं असणार, उद्या बोलू." एवढं पुरतं असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी तो मुलगा बोलायला येतो, कारण बोलणं कालच सुरू झालेलं असतं.

मालिकेतली आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी. फुलपाखराची ती शक्ती मुळात वाईट नाही. दुसऱ्याला बळ देऊन त्याला मदतनीस करायचं, यासाठी ती आहे. तिचा सोबती नूरू हॉक मॉथची चाकरी नाइलाजाने करतो. म्हणजे नाव देणं, "तुझं दुःख मला कळतं" म्हणणं, हाताला काम देणं, ही हत्यारं आपल्यालाही उपलब्ध आहेत. टपरीवाल्यांनी ती आधी उचलली, इतकंच.

४. मिळेल ती वस्तू घेऊन आधी आजूबाजूला बघावं

लेडीबगची खास शक्ती म्हणजे लकी चार्म. संकटात ती हाक देते आणि वरून एक वस्तू पडते, लाल रंगाची, काळ्या ठिपक्यांची. तलवार, बंदूक असलं काही नाही. 'स्टॉर्मी वेदर'मध्ये वादळ सुटलेलं असताना तिला मिळतो आंघोळीचा टॉवेल. दरवेळी तिचा चेहरा पडतो. मग ती सभोवार बघते, कुठला पाइप, कुठली दोरी, कॅट न्वार कुठे उभा आहे, आणि टॉवेलचा उपयोग सापडतो. हे सगळं पाच मिनिटांत, कारण तेवढ्या वेळात तिचं रूप उतरणार असतं.

विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात मुलं तयार किट विकत आणतात. मी एक तास ठेवते, त्यात प्रत्येक गटाला घरातली एकच भलती वस्तू मिळते, कपड्यांचा चिमटा, सायकलची जुनी ट्यूब, चहाची गाळणी, आणि वर्गाबाहेर न जाता तिचं काहीतरी करून दाखवायचं. मुलांनी त्या तासाला 'लकी चार्म' नाव दिलं. एरवी मागे बसणारी मुलं त्या तासाला पुढे येतात. हुशार मुलं मात्र आधी विचारतात, "बाई, याला मार्क आहेत का?"

५. आपल्या कामावर आपली खूण करून ठेवावी

मॅरिनेटला फॅशन डिझायनर व्हायचंय. 'मिस्टर पिजन'च्याच भागात टोप्यांची स्पर्धा असते. ती पिसाची टोपी शिवते, आणि क्लोई तिची कल्पना चोरून तशीच टोपी आणते. परीक्षकांसमोर दोन सारख्या टोप्या. मॅरिनेट शांतपणे सांगते की माझ्या टोपीवर मी टाक्यांत सही लपवली आहे. निकाल तिथेच लागतो.

मी मुलांना चित्राच्या, निबंधाच्या कोपऱ्यात तारीख आणि नाव घालायला लावते. बाकी याबद्दल बोलण्यासारखं फार नाही, फक्त एवढंच की ती सही आधी केलेली होती, चोरी झाल्यावर नाही.

६. घरातली भाषा लहानपणीच कानावर पडू द्यावी

'कुंग फूड' या भागात मॅरिनेटच्या आईचे काका शांघायहून येतात. ते मोठे आचारी, पाककलेच्या स्पर्धेसाठी आलेले. मॅरिनेटला चिनी येत नाही. आईची भाषा, घरातला पाहुणा, आणि मधे दुभाषा म्हणून बसतो कोण, तर अ‍ॅड्रियन, कारण त्याच्या वडिलांनी त्याला शिकवणी लावून चिनी शिकवलेली असते. प्रसंग विनोदी आहे. पण मॅरिनेटचा चेहरा बघा. आपल्याच माणसाशी बोलायला परका मुलगा लागतो, याची तिला लाज वाटते.

माझी चुलतबहीण न्यू जर्सीत असते. तिची मुलं सुट्टीत आली की आमच्या आजीशी त्यांचं बोलणं माझ्या मुलीमार्फत होतं. आजी एक मोठं वाक्य बोलते, लेक त्याचं छोटं इंग्रजी करते आणि आजीचे टोमणे मधल्या मधे गळतात. तिकडच्या मराठी मंडळांच्या रविवारच्या शाळा याचसाठी चालतात, आणि चालवणाऱ्यांचं मला कौतुक आहे. पण डोंबिवलीतही आता दोन मराठी मुलं लिफ्टमध्ये भेटली की हिंदीत बोलतात. हे मी कोणाला टोचून म्हणत नाही. माझी लेक लेडीबग हिंदीतूनच शिकली.

७. "सगळं तुझ्यासाठीच करतोय" हे वाक्य तपासून घ्यावं

हॉक मॉथ कोण, हे पुढे उघड होतं. तो अ‍ॅड्रियनचा बाप, गॅब्रिएल अ‍ॅग्रेस्ट, नामांकित फॅशन डिझायनर. बायको एमिली त्याच्यापासून हिरावली गेली आहे. लेडीबगची कर्णफुलं आणि कॅट न्वारची अंगठी एकत्र आली की एक इच्छा पुरी होते, आणि त्याला तिला परत आणायचं आहे. म्हणजे तोही एक दुखावलेला माणूसच. घर पुन्हा भरलेलं व्हावं म्हणून तो हे सगळं करतो, आणि त्याच घरात त्याचा मुलगा लांबलचक टेबलावर एकटा जेवतो. निरोप येतात ते सेक्रेटरीमार्फत किंवा टॅबलेटच्या पडद्यावरून. मुलगा रोज बाहेर पडून ज्याच्याशी लढतो तो आपला बाप आहे, हे त्याला माहीत नाही. बापालाही माहीत नाही.

'द बबलर'मध्ये अ‍ॅड्रियनचा वाढदिवस असतो. मॅरिनेट त्याच्यासाठी स्वतःच्या हाताने स्कार्फ करते. वडील भेट आणायला विसरलेले, म्हणून सेक्रेटरी तोच स्कार्फ वडिलांचा म्हणून पुढे करते. दरवर्षी तेच ते पेन मिळालेला मुलगा इतका हरखतो की मॅरिनेट खरं सांगतच नाही. माझी लेक यावर मॅरिनेटसाठी हळहळली. मला त्या मुलाची हौस बघवेना. वडिलांनी या वर्षी काहीतरी वेगळं दिलं, एवढ्यानेच तो उजळला होता.

पालक सभेत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकते. वडील सहा-बाराची लोकल पकडतात, रात्री दहाला येतात, आणि सांगतात, "बाई, सगळं त्याच्यासाठीच तर." खोटं नसतं ते. मी फक्त विचारते, गेल्या आठवड्यात त्याने तुम्हाला शाळेतलं काय सांगितलं? बरेच जण बायकोकडे बघतात.

प्रेमळ बापालाही मालिका सवलत देत नाही. टॉम हा मोकळा, गळ्यात पडणारा, पाव भाजता भाजता गाणारा माणूस. 'वेअरडॅड'मध्ये कॅट न्वारने आपल्या मुलीला नकार दिला असं त्याला कळतं आणि अकुमा त्याच्यात शिरतं. तो लांडग्यासारखा होतो आणि मुलीला काट्यांच्या उंच वेलीत कोंडून ठेवतो, तिच्या रक्षणासाठी! "हा भाग बाबांना दाखवू नकोस," लेक म्हणाली. मी मुद्दाम दाखवला. ते म्हणाले, चांगला माणूस आहे तो.

८. तेरा वर्षांच्या मुलीने एकटीने सगळं पेलायचं नसतं

चौथ्या सीझनपर्यंत मॅरिनेटवर सगळ्या जादूई दागिन्यांची जबाबदारी येऊन पडलेली असते. कोणाला सांगायचं नाही हा नियम. मैत्रिणी दुरावतात, ती बहाणे करून थकते. 'गँग ऑफ सीक्रेट्स'मध्ये ती शेवटी ढासळते आणि आलियाला, तिच्या जिवलग मैत्रिणीला, सगळं सांगून टाकते. नियम मोडला, पण मालिका तिथे तिला शिक्षा देत नाही. आलिया मदतीला उभी राहते आणि मॅरिनेटचं काम सुधारतं.

२०२३ मध्ये पाचवा सीझन संपला तो याच्या उलट टोकाला. गॅब्रिएल मरतो, शहर त्याला हुतात्मा समजतं, आणि खरं काय ते मॅरिनेट अ‍ॅड्रियनला सांगत नाही. त्याला दुःख होऊ नये म्हणून. लेकीला हे पटलं, मला अजिबात नाही. बाप कसा होता हे मुलाला कळायचा हक्क आहे, आणि ते ओझं त्याच्या मैत्रिणीच्या डोक्यावर ठेवणं तर अन्यायच. या विषयावर आमचं जेवणाच्या ताटावरून जे भांडण झालं, तसं मोकळं भांडण आमचं दुसऱ्या कशावरून झालेलं नाही.

माझ्या वर्गाच्या फलकाच्या कोपऱ्यात वर्षभर दोन आकडे असतात: १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आणि १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस. पुसणारे पुसतात, मी परत लिहिते.

९. आवडलेल्या मालिकेतलंही खटकतं ते मुलांसमोर बोलावं

खटकणारं बरंच आहे. तीच रूप बदलण्याची दृश्यं, तेच नाच, तीच सूत्रं. बाजारात खेळणी आणि दप्तरं खपावीत ही घाई दिसते. ते चालेल.

तीन गोष्टी मात्र मला चालत नाहीत. एक, मॅरिनेटच्या भिंतीवर अ‍ॅड्रियनचे फोटो, त्याचं दिवसभराचं वेळापत्रक तिच्याकडे, एकदा तर ती त्याचा फोन पळवते, आणि हे सगळं गंमत म्हणून. मी लेकीला म्हटलं, हेच एका मुलाने मुलीबाबत केलं असतं तर? ती बराच वेळ गप्प होती. पाचव्या सीझनमधल्या 'डिरिजन' या भागात तिच्या वागण्यामागची जुनी जखम दाखवली आहे, पण इतके सीझन हसवून झाल्यावर. दोन, कॅट न्वार. लेडीबग नको म्हणते, तरी तो पुन्हा पुन्हा गुलाब घेऊन हजर. माझ्या वर्गातल्या मुलांना हा चिकाटीचा नमुना वाटतो. ते मी त्यांच्याशी उघड बोलते.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. शेवटी लेडीबग ती लाल वस्तू हवेत उडवते आणि पडलेल्या इमारती, फुटलेले रस्ते, सगळं क्षणात पूर्ववत होतं. जो खलनायक झाला होता त्याला काहीच आठवत नाही. क्लोई क्वचितच माफी मागते. पुढच्या भागात सगळं कोरं. शाळेत कोरं काही होत नाही. सहावीत कोणी 'ढोल्या' म्हटलेलं दहावीच्या निरोप समारंभात निघतं. मालिकेने अपमान इतका नेमका पकडला आणि भरपाई मात्र जादूवर सोडून दिली, हे तिचं मोठं अपयश आहे. 'रिफ्लेक्टा'चा शेवट त्यामानाने खरा वाटतो. तिथे जादू झाल्यावरही वर्ग पुन्हा फोटोसाठी जमतो, जुलेकासकट. तेवढं एक काम हाताने करावं लागतं.

१०. पाहायची असेल तर कुठून पाहावी

पहिल्या सीझनचे भाग वाहिन्यांनी मागेपुढे दाखवले. मूळ कथा सांगणारे दोन भाग, ज्यांत इव्हानचा 'स्टोनहार्ट' येतो, ते सीझनच्या शेवटी ठेवले आहेत. सुरुवात तिथूनच करा. मग पहिला सीझन कुठल्याही क्रमाने बघितला तरी बिघडत नाही. तिसऱ्याच्या अखेरीपासून मात्र क्रम सोडू नका, तिथून कथा पुढे सरकते. चौथा-पाचवा सीझन दहा वर्षांखालच्या मुलांना एकट्याने बघू देऊ नये असं मला वाटतं.

आणि पालकांना एक विनंती. मुलांबरोबर बसलात तर प्रत्येक भागाची पहिली पाच मिनिटं फोन खाली ठेवून बघा. मारामारी सुरू झाली की चहा टाकायला उठलात तरी चालेल.